लाकूड व्यापाऱ्यांना सव्वा रुपयासाठी झुकायला लावणाऱ्या गोदूताई परुळेकर

१९४६ सालची गोष्ट. पावसाळा संपला की ठाणे जिल्ह्याच्या जंगलात कुऱ्हाडीचे आवाज घुमायला लागायचे. सरकारनं लिलावात दिलेल्या कुपांमध्ये तोड सुरू व्हायची, ओंडके बैलगाड्यांवर चढायचे, तिथून रेल्वे स्टेशन आणि मग मुंबईच्या वखारी. दरवर्षीचं ठरलेलं चक्र होतं.

त्या वर्षी मात्र कुऱ्हाड उचलायला कुणी आलंच नाही.

डहाणू आणि उंबरगाव पट्ट्यातल्या वारल्यांनी सांगून टाकलं होतं, की दिवसाला सव्वा रुपया मजुरी मिळणार असेल तरच झाड तोडू. लाकडाचे व्यापारी म्हणजे साधी माणसं नव्हती. जंगलाचं कंत्राट त्यांच्याकडं, पैसा त्यांच्याकडं आणि सरकारदरबारी वजनही त्यांचंच. समोर होता तो लंगोटी नेसणारा, अक्षरओळख नसलेला आणि पिढ्यानपिढ्या मार खात आलेला मजूर. पण साधारण महिनाभरानं जंगल व्यापाऱ्यांच्या संघटनेला हा दर मान्य करावा लागला.

या संपाच्या मागं पुण्याच्या एका सुखवस्तू ब्राह्मण घरात वाढलेली, कायद्याची पदवी घेतलेली बाई होती. गोदावरी परुळेकर तिचं नाव. वारली पाड्यांवर सगळे तिला गोदूताई म्हणायचे.

आज सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत आहे, तिला त्यांचं नाव आहे. अनेकांनी गोदूताई हे नाव ऐकलेलं असतं ते तिथूनच. पण ते नाव मोठं झालं ते ठाण्याच्या जंगलात. ते कसं, हे समजून घेऊया.

वकिलाची लेक, सरळ रस्ता सोडून

गोदावरी गोखले यांचा जन्म १४ ऑगस्ट १९०७ चा, पुण्यातला. वडील लक्ष्मणराव गोखले नावाजलेले वकील. घरात पुस्तकं होती आणि शिक्षणाला विरोधही नव्हता. गोदावरी फर्ग्युसन कॉलेजात शिकल्या, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन पदवीधर झाल्या आणि मग कायदा शिकल्या. कायद्याची पदवी घेणाऱ्या महाराष्ट्रातल्या पहिल्या महिला म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. त्या काळाचा हिशोब धरला तर पुढचं आयुष्य आखलेलंच होतं. पुण्यात वकिली, एखाद्या महिला संस्थेचं अध्यक्षपद आणि भाषणं.

पण कॉलेजच्या दिवसांतच स्वातंत्र्य चळवळीचं वारं लागलं. १९३२ मध्ये त्यांनी सत्याग्रहात भाग घेतला आणि तुरुंगात गेल्या. मुलीनं शिकावं इथपर्यंत वडिलांची साथ होती, पण तिनं जेलमध्ये जावं हे काही त्यांना पटलं नाही. त्यानंतर गोदावरी घर सोडून मुंबईला आल्या आणि भारत सेवक समाजात दाखल झाल्या. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात काढलेली ही संस्था. आयुष्यभर समाजसेवा करायची, वैयक्तिक कमाईच्या मागं लागायचं नाही, अशी शपथ सभासदांना घ्यावी लागायची. गोदावरी या संस्थेच्या पहिल्या महिला आजीव सभासद झाल्या.

मुंबईत त्यांनी साक्षरतेचं काम केलं. १९३८ च्या सुमाराला घरकाम करणाऱ्या लोकांची संघटना बांधली. आपल्याकडं घरकामगारांच्या हक्कांवर आजही चर्चा सुरू झाली की लोक नाकं मुरडतात, तेव्हा त्या काळात हे किती वेगळं असेल याचा अंदाज करा.

याच संस्थेत त्यांना शामराव परुळेकर भेटले. तेही आजीव सभासद, कामगार आणि शेतकऱ्यांमध्ये काम करणारे. १९३९ मध्ये दोघांनी लग्न केलं आणि त्याच वर्षी दोघंही कम्युनिस्ट पक्षात गेले. साक्षरतेचे वर्ग घेऊन आणि अर्ज-विनंत्या करून गरिबी हटत नाही, असं त्यांचं मत बनत चाललं होतं. भारत सेवक समाजाच्या मवाळ चौकटीत हे बसणारं नव्हतंच. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर युद्धविरोधी प्रचार केला म्हणून ब्रिटिशांनी दोघांनाही तुरुंगात टाकलं आणि १९४२ पर्यंत ते आतच राहिले.

इथं एक अडचणीची गोष्टही सांगायला हवी. १९४१ मध्ये हिटलरनं सोव्हिएत रशियावर हल्ला केला आणि भारतातल्या कम्युनिस्ट पक्षानं भूमिका बदलली. युद्धाला पाठिंबा आणि त्यामुळं १९४२ च्या चले जाव आंदोलनापासून लांब, अशी ही भूमिका होती. तिकडं सातारा-सांगली भागात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहत होतं, तेव्हा परुळेकर दांपत्य ज्या पक्षात होतं तो पक्ष या लढ्यात नव्हता. पुढं कित्येक वर्षं विरोधकांनी याची आठवण करून दिली आणि ती खोटी नव्हती. पण तुरुंगातून सुटल्यावर या दोघांनी जे काम हातात घेतलं, तिकडं तेव्हा दुसरं कुणी फारसं फिरकतही नव्हतं. ते काम म्हणजे ठाणे जिल्ह्यातली किसान सभा.

जंगलात नेमकं चाललेलं काय?

हा संप कळायचा असेल तर आधी जंगलाचं अर्थकारण कळायला हवं.

आजचा पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा झाला. त्याआधी तो सगळा ठाणे जिल्हाच. डहाणू, उंबरगाव, पालघर या तालुक्यांत सागाचं आणि ऐन, खैर अशा झाडांचं दाट जंगल. राहणारे मुख्यतः वारली. त्यांची जमीन हळूहळू सावकार आणि जमीनदारांच्या नावावर गेली होती. रोख सारा भरायला पैसे नाहीत म्हणून कर्ज, कर्ज फिटत नाही म्हणून जमीन गहाण आणि शेवटी आपल्याच जमिनीवर कूळ किंवा मजूर. पावसाळ्यात घरात दाणा उरायचा नाही, तेव्हा जमीनदाराकडून खावटी म्हणजे पोटापुरतं धान्य उसनं घ्यायचं आणि पीक आल्यावर दीडपट परत करायचं. लिहिता-वाचता येत नसल्यानं वहीत काय लिहिलं जातं ते फक्त सावकाराला माहीत.

त्यात वेठबिगार. जमीनदारानं बोलावलं की स्वतःचं शेत सोडून त्याच्याकडं फुकट राबायला जायचं. नाही म्हटलं तर मारहाण. आणि सगळ्यात वाईट म्हणजे लग्नगडी. लग्नासाठी शे-दोनशे रुपये उचलले की तो तरुण जमीनदाराचा गडी व्हायचा. नुसता तोच नाही, तर त्याची बायकोही त्या घरी राबायची आणि तिच्यावर काय प्रसंग यायचे हे पाड्यावर सगळ्यांना माहीत असायचं. कर्ज कधी फिटायचंच नाही, त्यामुळं सुटकाही नाही.

हे सगळं कम्युनिस्टांनी प्रचारासाठी रंगवलं असं म्हणायलाही जागा नाही. मुंबई सरकारनं १९३७ मध्ये नेमलेल्या सिमिंग्टन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं आदिवासी आणि डोंगरी जमातींच्या स्थितीवर जो अहवाल दिला, त्यातही लग्नगडी, वेठ आणि मारहाणीची नोंद आहे. म्हणजे सरकारला माहीत होतं.

आता जंगल. ब्रिटिशांच्या कायद्यांनी जंगल सरकारी मालकीचं झालं होतं. १९२७ चा भारतीय वन कायदा हा त्याचा पक्का साचा. या कायद्यामुळं गावकऱ्याला सरपण, गवत, घराला लाकूड घेणं हाही गुन्हा ठरू शकत होता. १९३० मध्ये महाराष्ट्रभर जे जंगल सत्याग्रह झाले ते याच रागातून. आजच्या सांगली जिल्ह्यातलं बिळाशी आणि रायगडमधलं चिरनेर ही त्यातली दोन गाजलेली नावं. चिरनेरला तर २५ सप्टेंबर १९३० रोजी गोळीबारही झाला.

ठाण्याच्या जंगलात त्यापुढची पायरी होती. वनखातं जंगलाचे तुकडे पाडायचं, त्याला कूप म्हणतात. दरवर्षी ठरावीक कुपांचा लिलाव व्हायचा आणि लाकूड व्यापारी ते घ्यायचे. तोडायला, सोलायला, ओंडके ओढायला, गाड्या भरायला लागायचे ते वारली. बऱ्याच ठिकाणी जमीनदार आणि जंगलाचा कंत्राटदार एकच असायचा, नाहीतर दोघांचं साटंलोटं असायचं. त्यामुळं कुपातली मजुरीही वेठीसारखीच. दिवसभर कुऱ्हाड चालवून हातात पडायचे थोडे आणे, कधी तेवढेही नाही. झाड अंगावर पडून कुणी जखमी झालं तर ते त्याचं नशीब.

म्हणजे ज्याच्या वाडवडिलांचं हे जंगल होतं, त्यालाच सरपणाची मोळी आणली म्हणून गार्ड पकडणार आणि त्याच माणसाकडून तेच जंगल कंत्राटदार स्वस्तात तोडून घेणार.

मुंबई जवळ असणं हाही यातला मोठा भाग. मुंबई-सुरत रेल्वे याच पट्ट्यातून जाते. शहराला इमारती लाकूड हवं, जळण हवं, कोळसा हवा आणि तबेल्यातल्या म्हशींना गवत हवं. हे सगळं इथून जायचं. मुंबईकर जे दूध प्यायचा त्यातल्या काही म्हशींचा चारा वारल्यांनी कापलेला असायचा. वारली संपावर गेला की त्याची झळ थेट मुंबईच्या बाजाराला बसते, हे किसान सभेनं नीट ओळखलं.

टिटवाळा ते झरी

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची प्रांतिक परिषद भरली. हो, तेच गणपतीचं टिटवाळा. तिच्या तयारीसाठी गोदूताई जिल्हाभर फिरल्या होत्या आणि त्यांच्या आग्रहामुळं उंबरगाव तालुक्यातले मूठभर वारली परिषदेला आले. त्यात माह्या धांगडा हे एक होते. हजारो माणसांच्या सभेत उभं राहून या वारल्यानं आपल्या लोकांची वेठीची कहाणी सांगितली.

माह्या धांगडा आणि बाकीचे परत गेले आणि पाड्यापाड्यांवर बातमी फिरली, की आपल्यासाठी कुणीतरी उभं आहे.

२३ मे १९४५ रोजी उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावात वारल्यांची स्वतःची परिषद झाली. सुमारे पाच हजार लोक आले. त्या सभेत जे ठरलं ते अगदी थोडक्यात आणि तोंडपाठ होईल असं होतं, कारण ते कागदावर देऊन वाचणार कोण? वेठ करायची नाही. रोख बारा आणे मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतात राबायचं नाही. अंगावर हात टाकला तर सगळ्यांनी मिळून अडवायचं. आणि एकी सोडायची नाही.

एवढंच. यात क्रांती वगैरे काही दिसत नाही. पण जिथं जमीनदारासमोर मान वर करून बोलणं हाच अपराध होता, तिथं याचा अर्थ फार मोठा होता. सभा संपली आणि पुढच्या काही आठवड्यांत लाल झेंडे घेऊन वारल्यांचे जथ्थे जमीनदारांच्या दारात जाऊ लागले. लग्नगड्यांना सोडा, एवढंच मागणं. पिढ्यानपिढ्यांची गुलामगिरी बऱ्याच गावांत बघता बघता संपली. वेठबिगार नष्ट करणारा देशपातळीवरचा कायदा यायला १९७६ साल उजाडलं, म्हणजे तीस वर्षांहून जास्त.

गोदूताईंचं काम कसं चालायचं हे यात महत्त्वाचं आहे. सुरुवातीला वारली त्यांना बघून पळून जायचे. पांढरपेशा कपड्यातलं माणूस म्हणजे सरकारी नाहीतर सावकाराचं, हा त्यांचा अनुभव. गोदूताई मैलोन्मैल चालत पाड्यांवर जायच्या, झोपडीत राहायच्या, जे शिजेल ते खायच्या. वारली बोली शिकल्या. शहरातल्या सभेतली भाषा इथं चालत नाही हे त्यांना लवकर कळलं. आठ-दहा माणसांशी तासन्‌तास गप्पा मारायच्या, हळूहळू त्यांनाच बोलायला लावायचं आणि निर्णयही त्यांनीच घ्यायचा. आजच्या भाषेत ग्राउंडवर्क म्हणतो ते हे.

तलवाडा: १० ऑक्टोबर १९४५

झरीनंतर पहिला मोठा संप झाला तो गवताचा. पावसाळा संपताना गवत कापणीचा हंगाम येतो. किसान सभेची मागणी होती, पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये. पाचशे पौंड म्हणजे सव्वादोनशे किलोच्या वर. वारल्यांनी विळे खाली ठेवले.

उभं गवत वाळायला लागलं तशी जमीनदारांची आणि व्यापाऱ्यांची घालमेल सुरू झाली. मग १० ऑक्टोबर १९४५ चा दिवस आला. तलवाड्याला सभा आहे, गोदूताई येणार आहेत, असा निरोप पाड्यांवर फिरला. हजारो वारली जमा झाले. किसान सभेच्या म्हणण्यानुसार ही अफवा मुद्दाम पसरवलेली होती. एकीकडं वारल्यांना गोळा करायचं आणि दुसरीकडं पोलिसांना सांगायचं की हे लोक दंगलीसाठी जमलेत.

पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघं मारले गेले.

जेठ्या गांगड हे नाव आजही तलासरी-डहाणू भागात घेतलं जातं. दरवर्षी १० ऑक्टोबरला तिथं हुतात्म्यांच्या आठवणीत लोक जमतात. बाहेरच्या महाराष्ट्राला मात्र ही तारीख फारशी माहीत नाही. शाळेच्या पुस्तकात १९४५ म्हटलं की दुसरं महायुद्ध संपलं एवढंच.

गोळीबारानंतर सभाबंदी आली, परुळेकर दांपत्याला जिल्ह्यात यायला बंदी झाली. नेते जिल्ह्याबाहेर गेले की लोक घाबरून कामावर येतील असा सरकारचा आणि जमीनदारांचा हिशोब असावा. तो चुकला. संप चालू राहिला आणि गवताची मजुरी वाढली.

आणि मग कुऱ्हाडी थांबल्या

एक वर्ष गेलं. दरम्यान १९४६ च्या निवडणुका झाल्या, मुंबई प्रांतात काँग्रेसचं सरकार आलं. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री झाले, गृह आणि महसूल खातं मोरारजी देसाईंकडं. आता आपलं सरकार आलं म्हणून परिस्थिती बदलेल अशी आशा होती.

या वेळी मागणी होती जंगलाची. कुपात काम करणाऱ्या प्रत्येकाला दिवसाला किमान सव्वा रुपया. त्या काळी रुपयाचे सोळा आणे, म्हणजे सव्वा रुपया झाला वीस आणे. झरीला शेतीसाठी बारा आणे मागितले होते, कुपातलं काम त्याहून जड आणि जिवाला धोक्याचं, म्हणून जास्त.

संप सुरू झाला आणि तोडीचा हंगाम तिथंच अडकला. इथं व्यापाऱ्यांची गोची लक्षात घ्या. कुपाचा पैसा आधीच सरकारला देऊन किंवा कबूल करून झालेला. तोडायला मुदत ठरलेली. मुंबईच्या वखारींना माल द्यायचा आहे. एकेक दिवस वाया जाणं म्हणजे थेट नुकसान. उलट वारली रानातला कंद, भाजीपाला, मासे खाऊन काही दिवस काढू शकत होता. त्याला उपाशी राहायची सवय व्यवस्थेनंच लावलेली होती.

नोव्हेंबर १९४६ मध्ये जंगल व्यापाऱ्यांच्या संघटनेनं सव्वा रुपया मान्य केला.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण कामगारांनी मालकाला झुकवलं ही बातमी एका जिल्ह्यापुरती राहत नाही, आणि सरकारला तेच नको होतं. पोलीस मोठ्या प्रमाणावर आणले गेले, धरपकड झाली, गोदूताईंसह प्रमुख कार्यकर्त्यांना पुन्हा जिल्हाबंदी झाली. वारली कायदा हातात घेतायत, कामावर जाणाऱ्यांना धमकावतायत असं सरकारचं म्हणणं. इतक्या वर्षांच्या रागानंतर सगळं अगदी शिस्तीत झालं असेल असा दावा कुणीच करू नये. पण जमीनदारांनी पिढ्यानपिढ्या कायदा हातात घेतला होता, तेव्हा इतके पोलीस कधी आले नव्हते.

७ जानेवारी १९४७ रोजी पालघर तालुक्यातल्या नानिवलीला पुन्हा गोळीबार झाला. पुन्हा पाच माणसं गेली. स्वातंत्र्य सात महिन्यांवर आलं होतं आणि गोळी झाडणारे पोलीस आता काँग्रेस सरकारचे होते.

सरकारनं काय केलं?

काँग्रेसला आदिवासींचं काहीच पडलं नव्हतं असं मात्र नाही. खुद्द खेरांनी १९४० मध्ये आदिवासी सेवा मंडळ काढलं होतं. त्यांचा मार्ग आश्रम, शाळा आणि सेवेचा होता. गोदूताईंचा आक्षेप असा, की मजुरी आणि जमिनीला हात न लावता केलेली सेवा मालकाला सोयीची असते. खेरांच्या माणसांना वाटायचं, कम्युनिस्ट भोळ्या आदिवासींना भडकवतात. दोन्ही बाजूंना एकमेकांबद्दल कमालीचा अविश्वास होता.

पण उठावाचा धक्का बसला हे नक्की. १९४७ पासून मुंबई सरकारनं जंगल कामगार सहकारी संस्था उभ्या करायला सुरुवात केली. कल्पना अशी, की कूप कंत्राटदाराला न देता तोडणाऱ्या मजुरांच्या संस्थेलाच द्यायचं, म्हणजे मधला नफेखोर जातो. १९४८ मध्ये नवा कूळ कायदा आला. हे फक्त संपामुळं झालं असं म्हणता येणार नाही, सिमिंग्टनचा अहवाल आणि इतर कारणंही होती. तरी ठाण्याच्या जंगलात कुऱ्हाडी थांबल्या नसत्या तर ही घाई दिसली असती का, हा प्रश्न उरतोच. या संस्थांचं पुढं काय झालं ही वेगळी कहाणी आहे. अनेक ठिकाणी कागदावर आदिवासी सभासद आणि कारभार दुसऱ्याच कुणाच्या हातात, असे आरोप वर्षानुवर्षं होत आले.

एक गैरसमजही इथं दूर करायला हवा. सोशल मीडियावर कधीकधी या लढ्याला जंगल वाचवण्याची चळवळ म्हटलं जातं. ती तशी नव्हती. हिमालयात १९७३ मध्ये चिपको सुरू झालं, तिथं लोक झाडाला मिठी मारून तोड अडवत होते. वारल्यांचा प्रश्न वेगळा होता. झाड तुटू नये असं ते म्हणत नव्हते, त्यांचं म्हणणं होतं की तोडणाऱ्याला माणूस म्हणून वागवा आणि कामाचा दाम द्या. जंगलावर हक्क कुणाचा हा मुद्दा त्याच्या मुळाशी होता, पण पर्यावरण हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. १९४६ ला आजचा चष्मा लावला तर लढणाऱ्यांचंच म्हणणं हरवतं.

तुरुंग, पुस्तक आणि एकटेपण

स्वातंत्र्यानंतरही गोदूताईंचं आयुष्य निवांत झालं नाही. कम्युनिस्टांवरच्या कारवाईमुळं भूमिगत राहणं, मग पुन्हा पाड्यांवर काम. १९५७ मध्ये शामराव ठाण्यातून लोकसभेवर निवडून आले. १९६१ मध्ये दोघांनी आदिवासी प्रगती मंडळ स्थापन केलं आणि आदिवासी मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू झालं. गंमत म्हणजे साक्षरता वर्गापासून सुरू झालेला त्यांचा प्रवास मोठा वळसा घेऊन पुन्हा शाळेपाशी आला, फक्त आता मुलं वारल्यांची होती आणि त्यांचे आईबाप लग्नगडी नव्हते.

१९६२ च्या चीन युद्धानंतर कम्युनिस्टांची धरपकड झाली, त्यात दोघंही आत गेले. १९६४ मध्ये पक्ष फुटला आणि गोदूताई मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात राहिल्या. ३ ऑगस्ट १९६५ रोजी शामराव आर्थर रोड तुरुंगातच वारले. स्थानबद्ध असताना. सव्वीस वर्षांचा संसार, त्यातला बराचसा तुरुंगात, भूमिगत किंवा जिल्हाबंदीत गेलेला.

त्यानंतर गोदूताईंनी जे लिहिलं ते मराठीत राहून गेलं. १९७० मध्ये त्यांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' प्रकाशित झालं. १९४५ ते १९४७ च्या वारली उठावाची ही कहाणी. १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढं इंग्रजीतही ते आलं. मराठीत आंदोलनांवर पुस्तकं बरीच आहेत, पण बहुतेकांत लेखक मध्यभागी उभा असतो. या पुस्तकात सतत दिसतात ते वारली. त्यांची भीती, त्यांचे विनोद, पहिल्यांदा जमीनदारासमोर उभं राहतानाचा त्यांचा थरकाप. आपण किती मोठं काम केलं हे सांगायची बाईंना घाई नाही. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर मिळवून वाचावं, भाषा अगदी साधी आहे.

लढे मात्र सुटले नाहीत. वनखात्याच्या जमिनी वर्षाच्या बोलीवर आदिवासींना कसायला मिळायच्या, त्यांना एकसाली प्लॉट म्हणत. वर्षानुवर्षं कसूनही त्या नावावर होत नव्हत्या. सव्वा रुपयाचा प्रश्न मागं पडला आणि हा पुढं आला. गोदूताई सत्तरीत होत्या तरी मोर्चे, परिषदा चालूच होत्या. १९८६ मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. तेव्हा त्यांचं वय ७९ च्या आसपास होतं.

त्यांच्या राजकारणाबद्दल मतभेद असू शकतात आणि आहेत. स्टॅलिनच्या रशियाकडं आदर्श म्हणून बघणाऱ्या पिढीतल्या त्या होत्या. वारल्यांच्या देवधर्माकडं, चालीरीतींकडं त्यांच्या पक्षानं पुरेशा आपुलकीनं बघितलं का, असा प्रश्नही अभ्यासक विचारतात. आदिवासींचं नेतृत्व बाहेरून आलेल्या माणसांच्या हातात किती काळ राहावं, हाही एक मुद्दा. माह्या धांगडा आणि जेठ्या गांगड यांची चरित्रं आपल्याकडं गोदूताईंच्या चरित्राइतकी सहज सापडत नाहीत, यात बरंच काही आलं.

८ ऑक्टोबर १९९६ रोजी गोदूताईंचं निधन झालं. तलवाड्याच्या हुतात्मा दिनाला दोन दिवस बाकी होते.

त्यानंतर दहा वर्षांनी, २००६ मध्ये संसदेनं वनहक्क कायदा मंजूर केला. जंगलात पिढ्यानपिढ्या कसत असलेल्या जमिनीवर आदिवासींचा हक्क कायद्यानं मान्य झाला. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो शेतकरी पायी चालत आले, रक्ताळलेल्या पायांचे ते फोटो तुमच्या फीडवरही येऊन गेले असतील. त्या मोर्चात मोठी संख्या आदिवासींची होती, ठाणे-पालघरचे वारलीही त्यात होते. हातातला झेंडा किसान सभेचा होता. आणि पहिल्या काही मागण्यांमध्ये एक होती, कसत असलेली वनजमीन नावावर करा.